पासवर्ड सगळ्यांचा, तोहमत एकावर

आंजी (मोठी) सारख्या गावातही आता कापडाच्या दुकानात वहीच्या जोडीला संगणक आला आहे. ग्राहक बहुतेक शेतकरी, त्यामुळे त्यांची उधारी कापूस-सोयाबीन विकले की फिटते. एका संगणकाचे दोन-तीन झाले की गल्ल्यावर, गोदामात आणि शिलाईच्या खोलीत एकच हिशेब दिसावा म्हणून ते एकमेकांस जोडले जातात. एक संगणक सर्व्हर होतो. फाइली त्याच्याकडे राहतात आणि बाकीचे संगणक त्या तिथूनच उघडतात. सोय मोठी आहे. परंतु अनेक दुकानांत सर्वांसाठी नाव एकच आणि पासवर्डही एकच असतो. ही चाल व्यापारी बांधवांनी सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उद्या उधारीची एखादी रक्कम बदललेली दिसली किंवा कारागिराच्या खात्यावर शिवलेले नग कमी भरले, तर ते कुणी केले हे कसे कळणार? सर्व्हरच्या लेखी सगळे मिळून एकच माणूस. मग शंका मालकाच्या मुलावर जात नाही, भाच्यावरही जात नाही. ती जाते पगारी पोरावर. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्याच्या हाती काहीच नसते. अशाने एकाची नोकरी गेलेली आम्ही पाहिली आहे. रक्कम किरकोळ होती, पण त्या मुलाची बाजारातली पत पुन्हा आली नाही. पुराव्यावाचून तोहमत लावणे किती मोठा गुन्हा आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

वास्तविक यावरचा उपाय जुनाच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली युनिक्सचे काम सुरू झाले. एका यंत्रावर अनेक माणसे काम करणार, हे धरूनच ती प्रणाली वाढली. तिच्यात प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले ते इतर. वाचायचे कुणी, लिहायचे कुणी, हे तिघांसाठी वेगवेगळे ठरवता येते. पुढे 1984 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणले आणि एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर आपलीच असल्यासारखी उघडू लागली. या कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म भारतातला. 1991 साली आलेल्या लिनक्समध्येही हीच रीत आहे आणि ते विनामूल्य मिळते. दुकानात विंडोजची यंत्रे असतील तर 1992 साली सुरू झालेले साम्बा त्यांना लिनक्सच्या सर्व्हरशी जोडते. त्यासाठीही दाम पडत नाही.

एक गोष्ट मात्र संगणक बसवून देणाऱ्याला विचारून घ्यावी. युनिक्स माणसाला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखते. एनएफएसच्या साध्या मांडणीत समोरचे यंत्र जो क्रमांक सांगते, त्यावर सर्व्हर विश्वास ठेवतो. गल्ल्यावरच्या यंत्रात 1001 हा मुनीम असेल आणि गोदामातल्या यंत्रात 1001 हा हमाल असेल, तर मुनिमाच्या फाइली हमालाच्या हातात जातात. म्हणून सर्व यंत्रांवर एका माणसाचा क्रमांक एकच ठेवावा. कोणत्या यंत्रांना फाइली द्यायच्या, तेही सर्व्हरवर बांधून ठेवावे.

माणूस काम सोडून गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, पण त्याचा क्रमांक नव्या माणसाला देऊ नये. दिला तर जुन्याच्या फाइली नव्याच्या नावावर चढतात. आणखी एक खबरदारी. ज्याला फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे, तो एरवी त्यातली दुसऱ्याची फाइलही पुसू शकतो. सबब रोजची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ती कुलपात ठेवावी.

काही जण म्हणतात, दुकानात सारे घरचेच आहेत, वेगळे पासवर्ड म्हणजे अविश्वास. हे आम्हाला पटत नाही. सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीच्या लिखापढीवर आहे. मुदतीची देणीघेणी लिहून ठेवावीत, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आदेश आहे. त्यात भाऊबंदांना सूट दिलेली नाही. लिखापढीने नाते तुटत नाही, उलट पुढचा तंटा टळतो.

कायद्याचा रोखही तिकडेच आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले. आपली दुकाने बहुधा या नियमात येत नाहीत, तरी ही नोंद चालू ठेवण्यात नुकसान काहीच नाही. मात्र सगळे एकाच नावाने काम करीत असतील तर त्या नोंदीत तेच एक नाव शंभर वेळा दिसेल.

कारागीर बांधवांनाही आमची विनंती आहे. आपल्या नगांचा हिशेब संगणकावर असेल तर तो पाहण्याचा हक्क मागा. लिहिण्याचा नको, वाचण्याचा पुरे. आपल्या मजुरीचा आकडा रोज पाहता येणे ही मेहरबानी नव्हे. मजुरी ही मालकाकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब ज्याची त्याला दिसलाच पाहिजे.