शोध कुणाचा, नाव कुणाचं?



'शोध कुणी लावला?' हा शाळेच्या परीक्षेतला एका गुणाचा प्रश्न. उत्तरादाखल एक नाव लिहायचं असतं आणि ते बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. बायका शोध लावत नव्हत्या म्हणून असं झालं, की नावं नोंदवण्याची वही त्यांच्या हातात नव्हती म्हणून? मेरी ॲनिंगबद्दल वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं छोटं गाव आहे. १७९९ साली तिथल्या एका सुताराच्या घरी मेरी जन्मली. तिथले समुद्रकडे लाटांनी सतत झिजतात, हिवाळ्यातल्या वादळांत दरडी कोसळतात आणि सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म उघडे पडतात. ते गोळा करून पर्यटकांना विकणं हा या कुटुंबाचा जोडधंदा होता. १८१० मध्ये वडील कर्ज मागे ठेवून वारले आणि जोडधंद्यावरच पोट अवलंबून राहिलं. पुढच्याच वर्षी भावाला एक प्रचंड कवटी सापडली. बाकीचा सांगाडा १८१२ मध्ये मेरीनं शोधून काढला. आकार माशासारखा, पण हाडं सरपटणाऱ्या प्राण्याची! तो सांगाडा २३ पौंडांना विकला गेला. १८१४ मध्ये सर एव्हरार्ड होम यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यात या भावंडांचा उल्लेखही नव्हता. पुढे त्या प्राण्याला 'इक्थिओसॉरस' म्हणजे 'मत्स्य-सरडा' असं नाव मिळालं.

१८२३ मध्ये मेरीला लांबलचक मानेच्या प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. इतकी लांब मान असूच शकत नाही, ही बनवाबनवी असावी, अशी शंका पॅरिसच्या कुव्हिए या मोठ्या शास्त्रज्ञानं घेतली. लंडनच्या भूविज्ञान संस्थेत चर्चा झाली, सांगाडा खरा ठरला आणि कुव्हिएनं माघार घेतली. १८२४ मध्ये तिथे हा शोध सादर केला कॉनिबेअर यांनी. मेरीचं नाव तेव्हाही घेतलं गेलं नाही.

केवळ हाडं वेचणारी बाई म्हणून तिच्याकडे पाहणं चूक ठरेल. विकत घेणं परवडत नसल्यामुळे ती शास्त्रीय निबंध मिळवून ते चित्रांसकट हातानं उतरवून काढी. प्राण्यांची रचना समजावी म्हणून मासे आणि माकुळ कापून पाही. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडणारे विचित्र दगड फोडले की आत माशांची हाडं आणि खवले दिसतात, हे तिनं हेरलं. ती अश्मीभूत विष्ठा होती! त्यावरून त्या समुद्रात कोण कुणाला खात होतं हे सांगता येऊ लागलं. यावरचा निबंध बकलंड यांच्या नावे आहे.

मेरीनं उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला नाही, आणि तसा दावा करून तिला मोठं करण्याची गरजही नाही. पण प्राण्यांच्या जातीच्या जाती पृथ्वीवरून नाहीशा होऊ शकतात, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा तिनं चिखलातून बाहेर काढला. इक्थिओसॉर हे जमिनीवरून पुन्हा समुद्रात गेलेल्या प्राण्यांचे वंशज. त्यांच्या वल्ह्यासारख्या परांत बोटांचीच हाडं आहेत. सृष्टी पहिल्यापासून आहे तशीच आहे, या समजुतीला अशा हाडांनी तडा दिला. डार्विनचा ग्रंथ आला १८५९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच स्तनाच्या कर्करोगानं गेली होती.

तिला मदत करणारे पुरुषही होते. बकलंड यांनी दुसऱ्या एका निबंधात तिचं श्रेय दिलं, आणि त्यांच्याच खटपटीनं तिला वर्षाला २५ पौंडांची तनखा मिळू लागली. डी ला बेश यांनी तिच्या जीवाश्मांवरून प्राचीन समुद्राचं चित्र काढून त्याच्या विक्रीचे पैसे तिला दिले. हे सारं मोलाचं होतं. पण ती मदत होती, हक्क नव्हता. भूविज्ञान संस्थेनं स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते १९१९ मध्ये! बाईचे श्रम ज्ञानात घेतले, बाईला मात्र दाराबाहेर ठेवलं.

हे दार आज सताड उघडं आहे का? २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच, असं उत्तर मिळालं. पण बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोचतात किती मुली? दहावीनंतर जिचं शिक्षण थांबतं किंवा विज्ञान घेणं जिला परवडत नाही, तिच्यासाठी दहावीतून गेलेला धडा कायमचाच गेला. 'हे असंच चालत आलंय, असंच राहणार' हे वाक्य जिला आयुष्यभर ऐकवलं जातं, तिला तर हा बदलाचा इतिहास सगळ्यात आधी कळायला हवा.

तेव्हा आपल्या गटांमध्ये, शिबिरांमध्ये हा धडा आपणच घेऊया. आणि जिथे जिथे बाईचं काम दिसेल, शेतातलं, प्रयोगशाळेतलं, सर्वेक्षणातलं, तिथे विचारूया : इथे नाव कुणाचं लिहिलंय? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.