ऐनवेळी सुचेल म्हणून

आपल्या वाङ्मय मंडळात एका गुणाचं फार कौतुक होतं, ऐनवेळी सुचण्याचं. चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचार करायचा आणि पाच मिनिटं बोलायचं. गेल्या वर्षी उत्स्फूर्त वक्तृत्वात पहिलं बक्षीस मलाच मिळालं. तेव्हा हे कौतुक जरा जास्तच होतंय, असं मी म्हटलं तर कुणी द्राक्षं आंबट म्हणणार नाही.

जानेवारीत शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका सॉफ्टवेअर कंपनीचे इंटरव्ह्यू होते. ट्रेनी इंजिनिअरची जागा, कुठलाही पदवीधर चालेल. माझ्या बायोडेटात 'पायथॉन' होतं, कारण सुट्टीत तीन महिन्यांचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट राहिलं, पायथॉन गेलं. मी काही गंमत म्हणून गेले नव्हते. डॅडी मार्चमध्ये रिटायर होतायत. मम्मीने तर सेंट ज्यूडची नोव्हेना सुरू केली होती (हताश प्रकरणांचे संत, म्हणजे तिला अंदाज असावा). मी आदल्या रात्री ड्रेसला इस्त्री केली आणि झोपले. इंग्रजी बरं आहे, बोलता येतं, निभावून नेऊ!

समोरच्या सरांनी विचारलं, ''एखादा शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो का, हे तपासणारा प्रोग्रॅम लिहा.''

मला आनंदच झाला. हे तर आपलं विलोमपद! मी लगेच 'रामाला भाला मारा' ऐकवलं. सर हसले. ''छान. आता हे कॉम्प्युटर कसं तपासेल?'' आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मग मी बोलत सुटले. भाषेची लय, अक्षरांची रचना, काय काय. सर मधेच शांतपणे म्हणाले, ''माहीत नसेल तर तसं सांगा, आपण पुढचा प्रश्न घेऊ.'' एवढी दार उघडून दिलेली संधी, तरी मी 'माहीत नाही' म्हटलं नाही. स्टेजवर थांबलं की मार्क जातात ना, ती सवय. कागद कोराच राहिला. अकरा मिनिटांत मी बाहेर.

मैत्रिणींनी समजूत घातली. साहित्याच्या मुलीला असं विचारणंच चूक म्हणे. एकीने मॅक्स हॉवेलची गोष्ट पाठवली. मॅकवर सगळे वापरतात त्या 'होमब्रू'चा तो निर्माता, आणि २०१५मध्ये गूगलने त्याला इंटरव्ह्यूत नाकारलं. असे प्रश्न खरं कसब मोजत नाहीत, हे मलाही पटतं. पण त्याने होमब्रू लिहिलं होतं. मी काय लिहिलं होतं? प्रश्न सोपा होता आणि बायोडेटातला शब्द मीच घातला होता.

त्या रात्री चिडून लॅपटॉप उघडला. पायथॉनमध्ये शब्द उलटा करणं एका ओळीचं काम निघालं. 'रामालाभालामारा' टाकलं, तर उत्तर आलं, नाही! दोनदा तपासलं. मग कळलं, आपण सात अक्षरं वाचतो, पण युनिकोडमध्ये ती चौदा चिन्हं आहेत. 'रा' म्हणजे र वेगळा आणि काना वेगळा. उलटं केलं की सुरुवातीलाच बिनअक्षराचा काना येतो, स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला. म्हणजे कुठल्याही मराठी पोराला पाठ असलेलं विलोमपद तो नेहमीचा प्रोग्रॅम ओळखतच नाही.

हे आदल्या रात्री केलं असतं तर? तिथे बसलेल्या चाळीसेक जणांपैकी हे उत्तर बहुधा माझ्याकडेच असतं, तेही साहित्याची विद्यार्थिनी म्हणून. याचंच जास्त लागलं. नापास झाल्याचं तितकं नाही. इस्त्रीला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात झालं असतं हो!

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. उत्स्फूर्त वक्तृत्व ठेवा, पण 'माहीत नाही' म्हणून चिठ्ठी परत करणाऱ्याचे मार्क कापू नका. त्याला दुसरी चिठ्ठी द्या.

माझा प्रोग्रॅम आता काना-मात्रा अक्षराला धरून उलटा करतो, 'रामाला भाला मारा'ला हो म्हणतो. जोडाक्षरांवर मात्र अडलेय. 'क्ष'चे आत तीन तुकडे निघतात : क, हलन्ताची खूण आणि ष. कुणाला काही सुचलं तर शुक्रवारच्या बैठकीत सांगा, मी लॅपटॉप घेऊन येते.