मन बिघडतं ते कशानं?

पावसाच्या तोंडावर वीटभट्टीवरची माणसं पाड्यात परततात. कोणी बोलेनासा झालेला असतो, कोणी रात्री दचकून उठतो, एखादी बाई कामाला हातच लावत नाही. पाड्यात लगेच ठरतं, ‘बाहेरचं लागलं’, नाहीतर ‘दारूनं डोकं फिरलं’. आमचं म्हणणं, आधी भट्टीकडं बघा.

विटा पाडायला मध्यरात्रीनंतरच उठावं लागतं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून नवराबायको उठतात, पोरंही उठतात. दिवसा पडायचं तर कच्च्या विटांच्या खोपटात, वाकून आत शिरायचं, आणि बाजूला भट्टी धुमसतेय. मजुरी हजार विटांवर. अवकाळी पावसानं भिजल्या तर त्या मोजणीत नाहीत. पावसाळ्यात घेतलेला बयाना, आठवड्याची खर्ची, सगळं शेठच्या वहीत. हिशेबाला बसलं की ‘अजून अंगावर’ निघतंच. सहा महिने अर्धी झोप आणि वर कर्ज! पोलादाचं मन असलं तरी वाकेल. साहेब लोकांना असं झालं तर रजा मिळते, आपल्याला शिव्या.

घरी आलं तरी जिवाला स्वस्थता नाही. वनहक्काचा दावा वर्षानुवर्षं पडून. नांगर धरला तरी कान जीपच्या आवाजाकडं. गार्ड येऊन पीक उपटेल का, अवजारं नेईल का? ज्या जमिनीवर बापजाद्यांची थडगी, तिथं चोरासारखं पेरायचं. अशी धास्ती रोज असली की माणूस घरच्यांवर खेकसतो, बाटली जवळ करतो. दारूचं समर्थन नाही, पण ती कुठून आली तेही बघा.

भगताला आम्ही नावं ठेवत नाही. तो निदान रात्रभर शेजारी बसतो, ऐकतो. दवाखान्यात झोपेची गोळी मिळते, पण कुठं झोपतोस, किती तास झोपतोस, हे क्वचितच कोणी विचारतं. गोळी लागते तिथं घ्यावीच. कोणी जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला क्षणभर एकटं सोडू नका, दवाखान्यात घेऊन जा. मात्र गोळीनं बयाना फिटत नाही.

बयाना फेडायला माणूस राबवून घेणं 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं बंद आहे, तसलं कर्जही त्या कायद्यानं रद्द होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जेदाराला हुसकता येत नाही. दाव्याची पोच जपून ठेवा. दावा नामंजूर झाला तर 60 दिवसांत अपील करा.

दिवाळीनंतर गाड्या भरायच्या आधी ग्रामसभा घ्या. कोण कुठल्या भट्टीवर चाललाय, बयाना किती घेतलाय, वहीत लिहून काढा. आणि गेल्या साली कोणाची झोप उडाली, तेही त्याच सभेत बोला. बायांना आधी बोलू द्या. विटा पाडून झाल्यावर चूलही त्यांनाच पेटवावी लागते.