खेळाची पारख

बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या मुलाला घरातील वडीलधारी मंडळी सहसा रागावत नाहीत. वास्तविक त्या खेळातही राजा आहे, सैन्य आहे आणि प्रतिपक्षाला कोंडीत पकडण्याची ईर्ष्याही आहे. मात्र तेच सैन्य मोबाइलच्या पडद्यावर अवतरले, की वादाला तोंड फुटते. मुले म्हणतात, ‘यात डोके लागते.’ पालक म्हणतात, ‘यात डोके बिघडते.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच खेळाची पारख त्याच्या चित्रांवरून न करता त्याच्या रचनेवरून करायला हवी.

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा खेळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. फिनलंडमधील ‘सुपरसेल’ या कंपनीने तो २०१२ मध्ये आणला. खेळणाऱ्याने एक काल्पनिक गाव वसवायचे, सोने साठवायचे, तटबंदी उभारायची आणि धनुर्धारी, जादूगार, ड्रॅगन अशांची फौज घेऊन दुसऱ्याच्या गावावर स्वारी करायची, असे त्याचे स्वरूप आहे. कोणती इमारत आधी बांधावी, तोफा कोठे ठेवाव्यात, मर्यादित सैन्य कोणत्या बाजूने घुसवावे, याचा विचार केल्यावाचून यश मिळत नाही. स्वारीचा अवधी अवघा तीन मिनिटांचा असल्याने चुकलेला निर्णय लगेच उमगतो. हिंसेची भीतीही येथे फारशी रास्त नाही. रक्त दिसत नाही. पडलेला योद्धा व्यंगचित्रासारखा नाहीसा होतो आणि उद्ध्वस्त झालेले गाव आपोआप पुन्हा उभे राहते.

खरी अडचण निराळीच आहे. बुद्धिबळाचा डाव मात झाली की आटोपतो. हा खेळ मात्र संपतच नाही. इमारत पुढच्या पायरीवर नेण्यास आधी काही मिनिटे, मग काही तास आणि पुढे कित्येक दिवस लागतात. वाट पाहायची नसेल, तर हिरवी रत्ने खर्चावी लागतात. ती खेळता खेळता थोडी मिळतात. अधिक हवी असल्यास खरे पैसे मोजावे लागतात. खेळ फुकट असतो. अधीरतेचे मात्र दाम पडते. आणि अधीरता हा तर बालवयाचा स्वभावच आहे.

त्यात टोळीची भर पडते. एका टोळीत पन्नासपर्यंत खेळाडू असतात. टोळीयुद्धात एक दिवस तयारीचा आणि एक दिवस लढाईचा. ठरल्या वेळेत चढाई केली नाही, तर आपल्यामुळे सारे हरले, ही बोच मुलाला अभ्यासाच्या वेळीही स्वस्थ बसू देत नाही. शिवाय टोळीतील संभाषणात अनोळखी माणसेही असतात.

मुलगा रोज खेळतो, एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. पण खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांहून खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसूनही तो न थांबणे, ही त्याची लक्षणे असून ती सर्वसाधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात.

तेव्हा निवाडा असा करता येईल. तेरा वर्षांखालील मुलांसाठी हा खेळ नाही.  त्यापुढील वयाच्या मुलांना तो खेळू द्यावा, पण वेळ आधी ठरवून, पैसे भरण्याचा पासवर्ड मोठ्यांकडे ठेवून आणि टोळी ओळखीच्या मित्रांचीच राखून. पालकांनीही एकदा शेजारी बसून गाव कसे वसवतात ते पाहावे. जो खेळ पालकांनी समजून घेतला आहे, त्याबाबत त्यांनी घातलेली मर्यादा मुलांना जुलूम वाटत नाही. गाव पडद्यावरचे असले, तरी त्यात खर्ची पडणारा वेळ खऱ्या आयुष्यातला असतो, हे भान मुलाला आले, तर खेळाने त्याला एक मोठी गोष्ट शिकवली असे म्हणता येईल.