चिखलातले हात आणि अर्ध्या दिवसाची मजुरी

वीज कडाडू लागताच तलाव, नदी आणि पाण्याने भरलेली शेते यांपासून दूर व्हावे, अशी सूचना दर पावसाळ्याच्या तोंडावर प्रसृत होते. सूचना चुकीची नाही. मात्र ती ज्यांच्यासाठी लिहिली जाते त्यांचे काम लिहिणाऱ्याने कधी पाहिले आहे का, अशी शंका येते.

२५ जून २०२० रोजी बिहारमध्ये वीज पडून एका दिवसात ८० हून अधिक माणसे दगावली. दिवस भातलावणीचे होते आणि मृतांतील अनेक जण शेतात होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात विजेने २,८८७ बळी घेतले. नैसर्गिक कारणांनी झालेल्या अपघाती मृत्यूंपैकी हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे.

वीज थेट अंगावर पडूनच माणूस मरतो, हा समज अपुरा आहे. जमिनीत शिरलेला प्रवाह चहूकडे पसरतो आणि अंतरागणिक विद्युतदाब घटत जातो. प्रवाह ३० हजार अँपिअर आणि ओल्या जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर वीज पडल्या जागेपासून वीस मीटरवर उभ्या माणसाच्या दोन पावलांत, अर्ध्या मीटरच्या अंतराने, सुमारे सहाशे व्होल्टचा फरक पडतो. हा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. लावणी करणारी स्त्री मात्र उभी नसते. ती ओणवी असते, पाय चिखलात आणि हातही चिखलात. हातापायांतील अंतर मीटरभर धरले तर फरक अकराशे व्होल्टच्या पुढे जातो, आणि प्रवाहाची वाट छातीतून, हृदयापासून जाते. गुरे अशा वेळी माणसांपेक्षा सहज बळी पडतात, त्याचे कारणही हेच. (समुद्राचे गणित वेगळे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी सुवाहक असल्याने हा फरक तेथे नगण्य होतो. मच्छीमाराला धोका असतो तो सपाट दर्यावर त्याची होडीच सर्वांत उंच असण्याचा.)

तेव्हा पाण्यातून निघावे हे खरे. पण जावे कोठे? वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत किंवा धातूच्या टपाची बंद गाडी, एवढीच ठिकाणे खात्रीची. झोपडी, उघडी शेड, एकटे झाड यांचा उपयोग नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशातील शिबगंज येथे लग्नाचे वऱ्हाड पावसामुळे नावेतून उतरून नदीकाठच्या निवाऱ्यात थांबले आणि तेथेच वीज पडून किमान १६ जण मृत्युमुखी पडले. पाणी सोडले, तरीही.

गडगडाट साधारण दहा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ ते अंतर पंधरा मिनिटांत कापते. चिखल तुडवत, बांधाबांधाने किलोमीटरभर चालायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे गडगडाट ऐकून निघणे हे पुष्कळदा उशिराच निघणे होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप वीस ते चाळीस किलोमीटर परिघातील विजांचा इशारा देते, आणि नेमका हाच हरवलेला अवधी परत मिळवून देते. संवेदकांचे जाळे उभारून देशातील शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले आहे. परंतु फोन बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत असतो, नाहीतर मुकादमाच्या खिशात.

आणि मुकादमाला इशारा कळला तरी काम थांबेलच असे नाही. लावणीचा मोसम मोजक्या आठवड्यांचा. रोप वाट पाहत नाही, मालकही पाहत नाही. अर्ध्यावर शेत सोडले तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. बिहारमध्ये वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. मात्र जिवंत असताना शेताबाहेर पडण्यासाठी एक रुपयाचीही तरतूद नसावी, हे हिशोबालाही धरून नाही.

विजेच्या इशाऱ्यामुळे थांबलेल्या तासांची मजुरी आपत्ती निधीतून द्यावी, असा प्रयोग भातपट्ट्यातील एखाद्या जिल्ह्याने लावणीपुरता तरी करून पाहावा. सोबत गावात एक भोंगा, आणि लावणीच्या काळात दुपारी उघडी राहणारी शाळेची इमारत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथे बसायचे असते, म्हणून पिण्याचे पाणीही.