१४९ कवट्या आणि आपली रीडिंग्ज

परदेशात प्रोजेक्ट करायला मिळावा हे होस्टेलवरच्या बहुतेकांचं स्वप्न. नंदनवनातल्या कोणत्याही चहाटपरीवर फायनल इयरची चार पोरं जमली की विषय तोच. "यार, एकदा जर्मनीत इंटर्नशिप लागली ना..." पुढचं सगळं बर्फाचं, फोटोंचं नाहीतर स्टायपेंडचं. पण तिथे जाऊन रोज सकाळी उठून करायचं काय, हे सहसा कोणी बोलत नाही. म्हणून मित्रहो, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी असाच प्रोजेक्ट करायला जर्मनीला गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीची ही गोष्ट.

तिचं नाव इरावती कर्वे. 'युगान्त'मुळे ते आपल्याला माहीत आहे. पण १९२८ मध्ये बर्लिनला पोचल्या तेव्हा त्या नामवंत लेखिका नव्हत्या; कर्ज काढून आलेल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर हे तिथल्या मानववंशशास्त्राच्या मोठ्या संस्थेचे संचालक. या गाइडसाहेबांचं एक लाडकं मत होतं. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि म्हणून ते इतरांपेक्षा जास्त बुद्धिमान! विद्यार्थिनीने कवट्या मोजायच्या आणि हे तपासायचं, असा प्रोजेक्ट.

मग रोजचं काम काय? कवटी उचला, डावी बाजू मोजा, उजवी मोजा, लिहा. पुढची कवटी. अशा एकूण १४९. यातल्या काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या. भाषा परकी, घर दूर. आणि बाहेर पहिल्या महायुद्धातून न सावरलेलं, ज्यूंच्या द्वेषाने धुमसणारं शहर. त्या राहत त्याच इमारतीतल्या एका ज्यू विद्यार्थ्याचा खून झाला. त्याचं प्रेत त्यांनी इमारतीबाहेरच्या फूटपाथवर पाहिलं. वंशाचा द्वेष माणसाला कुठवर नेतो ते दारातच दिसलं होतं. आणि टेबलावर काम होतं ते वंशाच्याच मोजमापाचं.

आकडे काय म्हणाले? वंश आणि कवटीची असमानता यांचा काही संबंध नाही. म्हणजे गाइडचं मत चूक!

आता सांगा, त्या जागी आपला एखादा हुशार दोस्त असता तर? "काऊन बे, सरांशी पंगा घेतोस? दोन-चार रीडिंग इकडचं तिकडे कर, डिग्री घे अन् घरी जा." इरावतीबाईंनी आलं ते लिहिलं. फिशरनी त्यांना पास केलं, पण सगळ्यात खालचा दर्जा देऊन. पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्या विचाराने पुढे काय केलं ते जगाने पाहिलं. त्याच्या प्रयोगशाळेत एका मराठी मुलीने आधीच नकार लिहून ठेवला होता, तोही घोषणा न देता, आकड्यांत.

आता आपल्या लॅबमध्ये या. एम-२० काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी दाबला, आणि आला १६. जर्नलमध्ये काय जातं? २२! का? तर गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये २२ आहे. नदीच्या पाण्याची बीओडी काढायची तर नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. पोरं तो 'निकाल' सबमिशनच्या आदल्या रात्री अर्ध्या तासात काढतात. उत्तर आधी, रीडिंग मागून. याला आपल्याकडे ॲडजस्टमेंट म्हणतात. पण १६ चा २२ झालेला तो क्यूब उद्या कोणाच्या तरी घराचा कॉलम असणार आहे!

पोरांचाच दोष आहे असं नाही. एका मशीनभोवती वीस जण, वेळ दोन तास, आणि एक्स्टर्नलला हवं पुस्तकातलं उत्तर. खरं रीडिंग लिहिणाऱ्याला 'रिपीट कर' म्हणतात, खोटं लिहिणाऱ्याला सही मिळते. मग कोण कशाला खरं लिहील?

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी एक परिच्छेद सक्तीचा करा : 'उत्तर अपेक्षेप्रमाणे का आलं नाही?' आणि त्याला मार्क ठेवा. वाळू ओली होती, क्युरिंग नीट झालं नाही, मशीनचं कॅलिब्रेशन चुकलं. हे शोधण्यातच इंजिनीअरिंग आहे. एवढं केलं तरी निम्मी छापाछापी थांबेल.

आणि दोस्तांनो, फील्डसाठी व्हिसाच लागतो असं थोडंच आहे? बर्लिनहून परतलेल्या इरावतीबाई पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडल्या, माणसं मोजत, बोलत, ऐकत. १९६९ मध्ये त्यांनी जाई निंबकरांसोबत कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. धरण बांधणारे आपले सीनियर. उठलेल्यांचं काय झालं ते विचारायला गेल्या या दोघी.

आपली नाग नदी नंदनवनच्या जवळूनच वाहते. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा तिचं पाणी घराघरांत शिरलं. ते कुठवर चढलं, कोणाचं किती गेलं, हे तिथल्या लोकांना विचारून, टेप लावून मोजता येईल. जर्मनीचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर एक वही, एक टेप घ्या, आणि येईल तेच लिहा.