आधी आटे, मग पंप
1949च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याविना घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे बिअरसाठी पंप आणि नळी निवडण्याचा प्रश्न इथे परवानाधारक छोट्या ब्रुअरींचाच. त्यांनी पंपाआधी आटे पाहावेत. शीवच्या हार्डवेअरच्या दुकानातली अर्धा इंची फिटिंग बहुधा बीएसपी या ब्रिटिश प्रमाणाच्या आट्यांची, अमेरिकी पंपाची एनपीटी या अमेरिकी प्रमाणाच्या. दोन्हींत इंचाला 14 आटे, म्हणून ती एकमेकांत बसल्यासारखी वाटतात. पण आट्याचा कोन एकीत 55 अंश, दुसरीत 60. टेफ्लॉन टेपने भागते, असे कुणी म्हणेल. बाहेरची गळती थांबेलही. पण पंपाच्या ओढीच्या बाजूला फट राहिली तर थेंब दिसतच नाही, हवा आत शिरते आणि पंप रिकामा फिरतो. नळीही जाड सिलिकॉनचीच हवी; उकळत्या माल्टरसाने साधी पीव्हीसी मऊ पडून चपटी होते.